सुगरण घरी नाही

सुगरणीच्या घरी जेवायला जाणं आणि सुप्रसिद्ध सुगरणीच्या हॉटेलात जेवायला जाणं यांत एक बारीकसा फरक आहे. पहिल्या ठिकाणी सुगरण घरात असते. दुसऱ्या ठिकाणी ती दारावरच्या पाटीवर असते, पुस्तकांच्या मुखपृष्ठावर असते, शेजारच्या दुकानातल्या मसाल्याच्या बाटलीवर असते. फक्त ओट्यापाशी नसते. आम्हांला सगळ्यांना हे ठाऊक होतं. आईंना नव्हतं, आणि त्यांना ते सांगायला घरातलं कुणी पुढे झालं नाही.

आई म्हणजे माझ्या सासूबाई. साताऱ्याहून पहिल्यांदा आमच्याकडे अटलांटाला आल्या तेव्हा त्यांचे दिवस सरता सरत नसत. मी आणि माझा नवरा मंदार कामावर, मुलगा ईशान शाळेत, आणि अल्फारेटा या उपनगरातल्या आमच्या रस्त्यावर भरदुपारी माणूस दिसलाच तर तो पोस्टमन. नानांनी, म्हणजे सासऱ्यांनी, सोबत आणलेली पुस्तकं हाती घेतली आणि आईंनी रिमोट. असंच फिरता फिरता त्यांना फूड नेटवर्कवर पॉला डीन सापडली. पांढरेशुभ्र केस, निळे डोळे, सातमजली हसू आणि जॉर्जियाचा लांबलचक हेल. तिचा कार्यक्रम 2002 मध्ये सुरू झाला होता आणि जुने भाग पुन्हा पुन्हा दाखवत असत. आईंना ती काय बोलते यातलं फारसं कळत नव्हतं. त्याचं त्यांना काही वाटतही नव्हतं. “बोलणं कशाला कळायला हवं? हात दिसतोय ना,” म्हणायच्या.

त्या हाताने त्यांना जिंकलं. आमच्या घरात नानांच्या साखरेमुळे आणि कोलेस्टेरॉलमुळे तूप चमच्याच्या टोकाने वाढलं जातं. आणि ही बाई बटाट्यात, मक्यात, केकमध्ये, बटरची अख्खी वडी सोडायची. “तोंडाने चमचाभर म्हणते आणि टाकते बघ किती!” आईंच्या या वाक्यात तक्रार नव्हती, कौतुक होतं. बटरचे गोळे गोठवून, पिठात घोळवून तळण्याची तिची एक कृती प्रसिद्ध आहे. दोन साखरेच्या डोनटांमध्ये मांसाचा थर, बेकन आणि अंडं दाबून केलेला बर्गरही आहे. ईशानने तो घरी करून मागितला. नाना पुस्तकातून मान वर न करता म्हणाले, “माझ्या दिवसांनंतर करा.”

मी आईंना तिची गोष्ट वाचून सांगितली तेव्हा तर ती त्यांच्या माहेरचीच झाली. तरुणपणीच आईवडील गेले. पुढे घराबाहेर पडायचीच भीती बसली. वर्षानुवर्षं उंबरठा ओलांडताना जीव घाबरा व्हायचा. नवऱ्याशी पटलं नाही. 1989 मध्ये घटस्फोट झाला, तेव्हा दोन मुलं आणि सुमारे दोनशे डॉलर गाठीशी. तिने सँडविचचे डबे करायला घेतले, आणि जेमी आणि बॉबी ही दोन मुलं सव्हाना शहरातल्या कचेऱ्यांतून ते विकू लागली. 1996 मध्ये तिघांनी मिळून हॉटेल काढलं. नावसुद्धा सरळ: ‘द लेडी अँड सन्स’. तीन वर्षांनी यूएसए टुडेच्या समीक्षकाने त्या वर्षातलं आपलं सर्वांत लक्षात राहिलेलं जेवण तिथलं, असं लिहिलं, आणि मग रांगा लागल्या.

“म्हणजे डब्यांवर वर आलेली बाई,” आई म्हणाल्या. साताऱ्यात डबे करून मुलांना शिकवणाऱ्या बायका त्यांनी पाहिलेल्या. त्यांच्याबद्दल बोलताना आई एरवीपेक्षा हळू बोलतात.

पुढल्या खेपेला आल्या तेव्हा सव्हानाला जायचंच, असं ठरवून आल्या. पण मधल्या काळात बाईंचं बरंच काही झालं होतं. 2012 च्या जानेवारीत तिने आपल्याला मधुमेह असल्याचं जाहीर केलं. निदान तीन वर्षांपूर्वीच झालेलं, आणि जाहीर करताना सोबत मधुमेहाच्या औषधाच्या कंपनीशी करार. नाना स्वतः मधुमेही, ते म्हणाले, “दोन्हीकडून कमाई. बाई हुशार आहे.” 2013 चं प्रकरण मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. एका जुन्या व्यवस्थापिकेने दावा लावला होता. त्यातल्या जबानीत, काळ्या लोकांना हिणवणारा तो घाणेरडा शब्द आपण पूर्वी वापरला आहे, असं तिने शपथेवर कबूल केलं. चॅनेलने करार पुढे वाढवला नाही, मोठमोठ्या कंपन्यांनी पाठ फिरवली. दावा पुढे निकालात निघाला, पण बोललेलं ते राहिलंच.

मंदारचा म्हणून जायला विरोध होता. मलाही ते पचत नव्हतं. आईंना सगळं नीट सांगितलं. त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “बोलली असेल तर वाईटच बोलली. पण स्वयंपाक मला बघायचाय.” या वाक्याचा अर्थ आम्ही दोघांनी आपापल्या सोयीने लावला आणि गाडी काढली.

अटलांटाहून मेकनपर्यंत रस्त्यावर निदान गाड्या तरी असतात. मेकननंतर सव्हानापर्यंत दोन्ही बाजूंना पाइन आणि समोर पाइन. अशा रस्त्यावर भूक लागते ती कंटाळ्याची. एका पाटीवर ‘उकडलेल्या शेंगा’ असं दिसलं आणि नाना गाडी थांबवायला लावून उतरले. कृषी खात्यात आयुष्य गेलेला माणूस. जॉर्जिया शेंगदाण्यात देशात पहिला, हे त्यांना गाडीत बसायच्या आधीपासून माहीत होतं. जिमी कार्टर शेंगदाण्याचा शेतकरी होता म्हणून अमेरिकेचा तो एकच अध्यक्ष त्यांना भरवशाचा वाटतो. मिठाच्या पाण्यात उकडलेल्या ओल्या शेंगा कागदी पिशवीत, गरम. मग तासभर मागच्या सीटवरून फक्त टरफलं मोडल्याचे आवाज.

त्याच दुकानात काकवीची बाटली होती. उसाची नव्हे, ज्वारीची. गोड धाटं चरकातून काढून रस आटवतात आणि तो अमेरिकेच्या दक्षिणेत भाकऱ्यांसारख्या जाड पावांवर ओततात. नानांनी बाटली उन्हात धरली. आमच्या फलटणच्या निंबकर संस्थेने ‘मधुरा’ नावाची गोड ज्वारी काढली, तिचीही काकवी केली, हे त्यांनी दुकानदाराला इंग्रजीत सांगितलं. तो “येस सर” म्हणत राहिला. नानांना वाटलं, त्याला रस आहे.

जेवायला मध्ये एका ढाब्यासारख्या ठिकाणी थांबलो. तिथे आईंना दक्षिणेतल्या शाकाहाराची दीक्षा मिळाली. त्या शाकाहारी आहेत, मात्र केकात विरघळून गेलेलं अंडं त्यांच्या हिशोबात धरत नाहीत. नाना उंबरठ्याच्या आत शाकाहारी. तर मेनूत ‘भाज्यांचं ताट’ होतं: हव्या त्या चार भाज्या निवडायच्या. भाज्यांच्या यादीत मॅकरोनी-चीज होतं. ईशानला जन्मात पहिल्यांदा भाजी आवडली. आईंनी पालेभाजी निवडली, कॉलर्ड म्हणून मोठ्या पानांची असते ती. मी वाढणाऱ्या मुलीला विचारलं, यात मांस नाही ना? “छे, अजिबात नाही,” ती म्हणाली, “चवीपुरतं डुकराचं हाड घातलंय तेवढंच.” आईंनी मग मॅकरोनीची भाजी घेतली.

सव्हाना शहराला देखणं म्हणायला माझी हरकत नाही. 1733 मध्ये ऑगलथॉर्पने चौकांच्या आखणीवर वसवलेलं गाव. त्यांतले बावीस चौक अजून शाबूत आहेत, आणि बहुतेकांत मोठाले ओक. त्यांच्यावरून लोंबणाऱ्या करड्या जटांना स्पॅनिश मॉस म्हणतात. ते ना स्पॅनिश, ना शेवाळ. अननसाच्या कुळातलं झाड आहे. ही माहिती नानांनी तीन चौकांत तीनदा दिली. आई झपाझप पुढे. त्यांना जटा बघायच्या नव्हत्या.

हॉटेलात नाव लिहून दिलं, आणि वाट बघायला शेजारच्या दुकानात शिरलो. तिथे पॉलाबाई भिंतभर. तिची पुस्तकं, तिचे मसाले, तिच्या नावाची भांडी. आईंनी एक पुस्तक उचललं, मुखपृष्ठावरच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि पदर सारखा केला. मला तेव्हाच पोटात कसंतरी झालं. त्या भेटायच्या तयारीने आल्या होत्या. पर्समध्ये कंदी पेढ्यांचा पुडा होता, आमच्यासाठी म्हणून आणलेल्यांपैकी एक, न फोडता बाजूला ठेवलेला.

आत गेलो. वाढणारी मुलगी हसतमुख, बोलण्यात मध. तिने नानांना “काय घेणार, हनी?” म्हणून विचारलं. नाना खात्यात असताना शिपाईसुद्धा त्यांच्याशी खाली मान घालून बोलत. पन्नास वर्षांच्या संसारात आईंनी त्यांना “अहो” या दोन अक्षरांपलीकडे काही म्हटलेलं नाही. नानांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. त्या बैठकीत ते अनेकदा हनी झाले, दोनदा बेबी, आणि उठेपर्यंत त्यांची पाठ ताठ झाली होती.

मेनूत ‘टी’ आणि ‘बिस्किट’ हे दोन ओळखीचे शब्द बघून त्यांना हायसं वाटलं होतं. मंदार सांगत होता, पण त्यांनी हाताने थांबवलं आणि चहा-बिस्किट मागवलं. चहा आला तो हातभर उंच ग्लासात, बर्फ घालून. बिस्किट आलं ते लादीपावासारखं, चीज आणि लसणाचं, गरम. नानांनी बर्फाकडे आणि पावाकडे आळीपाळीने पाहिलं. बुडवण्याचा विचार त्यांच्या चेहऱ्यावर आला आणि गेला. मग घोट घेतला. दक्षिणेत चहा गरम असतानाच साखर घालतात, म्हणजे पाहिजे तेवढी विरघळते, आणि पाहिजे तेवढी म्हणजे पुष्कळ. वरून तो ग्लास रिकामा झाला की न विचारता भरतात. “अहो,” आई म्हणाल्या. “औषधापुरता घेतोय,” नाना म्हणाले.

बिस्किटांबरोबर होकेक आले. मक्याच्या पिठाचे, वितीएवढे, कडेने कुरकुरीत. “धिरडी!” आईंनी एक तुकडा मोडला, वास घेतला, खाल्ला, आणि कुणाशी न बोलता दुसरं घेतलं. ही त्यांची दाद. तोंडी कौतुक त्या मंगल कार्यालयातल्या आचाऱ्याचं करतात.

बुफेपाशी मुलीने स्वतःहून सांगितलं, पालेभाजीत डुकराचं मांस आहे, चवळीतही आहे, त्या घेऊ नका. ही रताळी घ्या, ही भेंडी घ्या. रताळ्याच्या फोडी साखर-बटरच्या पाकात. आईंनी त्यांना उपासाचं म्हणून ताबडतोब मान्यता दिली. भेंडीचे काप मक्याच्या पिठात घोळवून तळलेले, एकही तार नाही. नानांच्या ताटात तळलेलं चिकन. तिथे उंबरठा फार लांब होता.

आणि मग नानांचं व्याख्यान सुरू झालं. एरवी आम्ही टाळतो, पण त्या दिवशी मी काटा खाली ठेवून ऐकलं. त्यांनी ताटातली एकेक वस्तू बोटाने दाखवली. चवळी आफ्रिकेतली. ज्वारीही तिथलीच. भेंडीसुद्धा बहुधा तिकडचीच. शेंगदाणा मूळ दक्षिण अमेरिकेतला, पण इथे आला तो आफ्रिकेचा फेरा घालून. उलट तीळ आपल्या उपखंडातला, तो आफ्रिकेत गेला आणि तिथून इथे. म्हणून सव्हानात तिळाच्या पातळ कुरकुरीत वड्या मिळतात. या गोष्टी आपल्या पायांनी आल्या नाहीत. गुलाम करून, साखळदंडात बांधून आणलेल्या माणसांबरोबर आल्या. या किनाऱ्यावरची भातशेतीसुद्धा त्यांच्या ज्ञानावर उभी राहिली. लावणी कशी करायची, पाणी कसं कोंडायचं, हे मालकांना ठाऊक नव्हतं. “नाव दक्षिणेचं,” नाना म्हणाले, “पीक त्यांचं.” आणि चहाचा घोट घेतला.

आईंनी यातलं किती ऐकलं ठाऊक नाही. त्यांची नजर स्वयंपाकघराच्या दाराकडे होती. ते ढकललं जाई तेव्हा वाफ, भांड्यांचे आवाज आणि एखाद्या काळ्या बाईचा ॲप्रन क्षणभर दिसे. शेवटी त्यांनी मला कोपराने ढोसलं. “विचार तिला, त्या बाई कुठे आहेत.”

मी विचारलं. मुलगी म्हणाली, मिस पॉला आज नाहीत, हनी. ‘आज’ तिने इतक्या सराईतपणे घातलं की ते रोज घालत असणार. मी भाषांतर केलं. आईंच्या चेहऱ्यावर निराशा येईल म्हणून आम्ही तिघेही ताटात बघत होतो.

“मग हे केलं कुणी?”

या प्रश्नाला आम्ही तयार नव्हतो. मुलगीही नसावी. ती म्हणाली, आत मुली आहेत ना. आईंनी पर्स उघडली, पुडा बाहेर काढला, आणि मला म्हणाल्या, “चल.” ग्राहकांना आत नेत नाहीत, असं मुलीने सांगितलं, पण थांबा म्हणून ती गेली, आणि दारातून एक साठीची बाई हात पुसत बाहेर आली. उंच, थकलेली. तक्रार आहे असं तिला वाटलं असावं. चेहरा तसाच होता.

पुढचं संभाषण मी मधे उभी राहून दोन्हीकडे पोचवलं, पण अर्ध्याहून जास्त माझ्यावाचून झालं. आईंनी भेंडी दाखवून बोटं एकमेकांना चिकटवली आणि भुवया उंचावल्या. बाईने हसून एका फडक्याची घडी हवेत फिरवली: कोरडी पुसायची. आईंनी मान डोलावली. त्याही तेच करतात. मग त्या म्हणाल्या, आम्ही वर ताक किंवा आमसूल घालतो. मी सांगितलं. बाई म्हणाली, आम्ही तळायच्या आधी ताकात बुडवतो. हे ऐकल्यावर आईंनी पुडा तिच्या हातात दिला. “हात गोड आहे हो तुमचा,” त्या मराठीतच म्हणाल्या, आणि तिनेही मला विचारलं नाही याचा अर्थ काय. पेढा तोंडात टाकून तिने डोळे मिटले आणि म्हणाली, यात बटर किती असतं?

हॉटेलबाहेर आल्यावर मंदारने आईंना डोरा चार्ल्सबद्दल सांगितलं. वीस वर्षांहून जास्त काळ तिने पॉलासाठी स्वयंपाक केला. हॉटेल उभं राहिलं त्यात या काळ्या स्वयंपाकिणीच्या हाताचा वाटा केवढा, हे बाहेरच्यांना 2013 नंतर कळलं, तेही तिने वर्तमानपत्राशी बोलताना मोबदल्याचं दुखणं मांडलं म्हणून. 2015 मध्ये तिने स्वतःच्या नावावर पुस्तक काढलं. मराठीत सांगायचं तर ‘खरी दक्षिणी स्वयंपाकीण’. त्यातला ‘खरी’ हा शब्द चांगलाच तिखट आहे. पॉलाबाईने डब्यांपासून उभं केलं, हेही खोटं नाही. पण टीव्हीवर एक हात दिसतो आणि भांड्यात चार फिरतात, हे मला स्वतःला टीव्ही बघताना कधी सुचलं नव्हतं. मी कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ घेऊन या देशात आले. प्रमाण वाटीचमच्यात दिलेलं ते पुस्तक 1970 पासून कितीतरी घरांत सुगरणी घडवतंय. त्यामुळे पाककृती म्हटली की तिच्यावर एक नाव असतं, अशी माझी सवय. आईंना ती सवय नाही. लग्नाच्या जेवणात मसालेभात चांगला झाला की त्या मालकाला सांगत नाहीत, भटारखान्यात जातात.

परतीच्या वाटेवर नाना “हनी, काच वर कर” असं आईंना म्हणाले. गाडीत शांतता पसरली. काच आईंनी वर केली नाही.

31 जुलै 2025 ला ते हॉटेल बंद झालं. पॉला आणि दोन्ही मुलांनी दुसऱ्या दिवशी तसं जाहीर केलं. इतर गावांत तिच्या नावाची दुसरी हॉटेलं तेव्हा चालू होती. मी ही बातमी व्हिडिओ कॉलवर साताऱ्याला सांगितली. नाना म्हणाले, चहा चांगला होता. आईंनी विचारलं, “आणि आतल्या बायका?”

मला काय माहीत. बातमीत ते नव्हतं. मी म्हटलं, तुमच्यासाठी त्या दुसऱ्या बाईंचं पुस्तक मागवू का, डोरा चार्ल्सचं?

“मागव. भेंडी आहे का बघ त्यात. आणि हिंग कुठे मिळतो ते तिला कळवता येईल का? नानांना त्या दिवशी रात्रभर गॅस झाला होता, मी तुम्हांला बोलले नाही.”

मागून नानांचा आवाज आला, “तो चिकनने झाला होता.” आणि मग त्यांना आठवलं की ते उंबरठ्याच्या आत बसले आहेत.